बेलिंगहॅमची रात्र आणि वर्ध्याचे पांडुरंग

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, कॅनडाच्या हद्दीपासून तीसेक किलोमीटरवर, बेलिंगहॅम नावाचं बंदराचं शहर आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये तिथे दोनशेहून अधिक हिंदुस्थानी कामगार राहत होते, बहुतेक सगळे पंजाबातले शीख. सप्टेंबर निम्मा सरला तेव्हा त्यांतला एकही शहरात नव्हता. साथ आली नव्हती, गिरण्या बंद पडल्या नव्हत्या, सरकारने हुकूम काढला नव्हता. एकाचाही जीव गेला नव्हता. तरीही एक अख्खी वस्ती दहा दिवसांत नाहीशी झाली.

हे घडतं कसं, याचं मला विलक्षण कुतूहल वाटतं. बीड जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या मुलखात पोटासाठी जाणं म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही, म्हणूनही असेल. पण या कुतूहलाचा धागा धरून चालत गेलो की वाट थेट वर्ध्याला आणि तळेगाव ढमढेऱ्याला येऊन पोचते, याचं नवल मात्र अजून ओसरत नाही.

आधी हे लोक तिथे पोचले कसे ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात जमिनीचे तुकडे पडत चालले होते, सावकाराचं कर्ज वाढत होतं, त्यात प्लेगने कहर केला होता. घरटी एखादा माणूस ब्रिटिश फौजेत असे. फौजेमुळे आणि पोलिसातल्या नोकऱ्यांमुळे शिखांनी हाँगकाँग, शांघाय पाहिलं होतं. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ मध्ये हाँगकाँगहून लंडनला निघालेली पलटण कॅनडातून गेली, तिच्यात शीख शिपाईही होते. दूर पश्चिमेला जमीन अफाट आहे आणि मजुरी डॉलरमध्ये मिळते, ही बातमी गावोगाव पोचायला एवढं पुरेसं होतं. कोणी जमीन गहाण टाकली, कोणी भावाभावांत पैसा जमवला आणि कलकत्ता, हाँगकाँग करत आगबोटीने व्हँकुव्हर गाठलं. १९०४ ते १९०८ या चार वर्षांत सुमारे पाच हजार हिंदुस्थानी कॅनडात उतरले. तिथे वातावरण तापू लागलं तसे काही जण हद्द ओलांडून दक्षिणेला, वॉशिंग्टन राज्यातल्या लाकूड गिरण्यांत आले.

या गिरण्यांचा आवाका डोळ्यांसमोर आणायला हवा. पॅसिफिकच्या त्या किनाऱ्यावर देवदाराच्या जातीची झाडं इतकी थोर असतात की चार-पाच माणसांनी हात धरूनही बुंध्याला कवेत घेता येत नाही. असे ओंडके पाण्यातून तरंगत गिरणीत यायचे, वाफेवर चालणाऱ्या करवतींखाली चिरले जायचे, आणि ओल्या, जड फळ्या माणसांनी ओढून, वाहून, थप्प्या रचून ठेवायच्या. करवतीजवळचं कसबी काम गोऱ्यांकडे. ओढणं, वाहणं, रचणं नव्या माणसांकडे. मजुरी दिवसाला दोन डॉलरच्या आसपास.

कामाची पद्धत वाचताना बीडचा माणूस थबकतो. हे कामगार सुटेसुटे नसायचे, टोळीने असायचे. टोळीला एक म्होरक्या, ज्याला थोडंफार इंग्रजी येई. मालकाशी बोलणी तोच करी, कामावर किती माणसं हवीत ते तोच ठरवी, पैसेही त्याच्या हातून येत. टोळीचं राहणं एकत्र, चूल एकत्र. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारहून दसरा-दिवाळीच्या दिवसांत निघणारी ऊसतोडीची टोळी डोळ्यांसमोर येते: मुकादम, त्याच्याकडून पावसाळ्यातच घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत न सुटणारं काम, कारखान्याच्या आवारात किंवा फडाच्या कडेला पालं-कोप्यांचा तळ. कोल्हापूर, सांगलीपासून बेळगाव, बागलकोटपर्यंत आपली माणसं ज्या व्यवस्थेत जातात, तिचा सांगाडा शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गिरण्यांत ओळखू येतो.

एक फरक मात्र मोठा होता. आपल्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई सोबत असतेच, नव्हे, तिच्या श्रमावाचून हिशेबच जुळत नाही. त्या शिखांना बायका-मुलं आणण्याची वाट जवळजवळ बंद होती. कॅनडात तर पुढे कायद्यानेच अडवली गेली. त्यामुळे ही पुरुषांची वस्ती. आणि मग वर्तमानपत्रं लिहिणार, की हे लोक संसार थाटायला आलेले नाहीत, पैसा ओरबाडून परत जाणार, यांच्यापासून आपल्या बायका-मुलींना धोका आहे. दार आपणच लावायचं आणि आतला माणूस एकटा का म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवायचं, असा हा प्रकार होता.

कामगार संघटनांनीही तेच केलं. अमेरिकेतल्या बड्या संघटना आशियाई माणसाला सभासद करून घेत नव्हत्या. आणि त्याच संघटनांची तक्रार होती, की हे लोक संघटनेत नाहीत म्हणून कमी पैशात राबतात आणि आमची मजुरी पाडतात. ज्या मालकाला स्वस्त हात हवे होते, त्याच्याशी लढणं अवघड होतं. त्या मानाने पागोटं घातलेला परका माणूस सोपा. या किनाऱ्यावर हे नवं नव्हतं. चिनी मजुरांना १८८५ मध्ये टॅकोमातून आणि १८८६ मध्ये सिॲटलमधून असंच हाकललं गेलं होतं, आणि त्यांच्या येण्यावर बंदी घालणारा १८८२ चा कायदा आधीच आला होता. १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जपानी आणि कोरियन लोकांना रोखण्यासाठी एक संघ निघाला. थोड्याच काळात त्याने ‘आशियाई’ असं व्यापक नाव घेतलं आणि शिखांनाही त्या यादीत टाकलं. लोक मात्र त्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत, मग तो शीख असो की मुसलमान.

आता ती रात्र. २ सप्टेंबर १९०७ ला अमेरिकेचा कामगार दिन होता. बेलिंगहॅममध्ये मोठी मिरवणूक निघाली, गिरणीमालकांनी हिंदुस्थानी मजुरांना काढून टाकावं अशी मागणी झाली. मालक बधले नाहीत. ४ तारखेला रात्री चार-पाचशे गोऱ्या माणसांचा जमाव रस्त्यावर आला. आधी राहत्या घरांवर दगड पडले. माणसांना अंथरुणातून ओढून बाहेर काढलं, मारलं, त्यांचं सामान रस्त्यावर फेकलं, गाठीशी बांधलेले पैसे लुटले. मग जमाव गिरण्यांकडे वळला आणि रात्रपाळीवरच्या लोकांनाही बाहेर काढलं. पोलीसप्रमुखाने जमावाला पांगवलं नाही. त्याने नगरभवनाचं तळघर उघडून दिलं, आणि सुमारे दोनशे माणसं तिथे कोंडली गेली. सरकारी दप्तरात याला संरक्षण म्हटलं गेलं.

या तळघरापाशी मी अडखळतो. जमाव आणि पोलीस यांच्यात त्या रात्री झटापट झाली नाही. दोघांनी काम वाटून घेतल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी महापौरांनी राहू इच्छिणाऱ्यांना रक्षण देण्याचं आश्वासन दिलं. पण रात्रभर तळघरात बसलेल्या माणसाला त्या आश्वासनाची किंमत कळून चुकली होती. गिरण्यांकडून जमेल तशी मजुरी घेऊन कोणी उत्तरेला व्हँकुव्हरची गाडी धरली, कोणी दक्षिणेला कॅलिफोर्नियाची. काही जणांना अटक झाली, पण साक्ष द्यायला कोणी पुढे आलं नाही आणि कुणालाही शिक्षा झाली नाही. नगरभवनाची ती लाल विटांची इमारत अजून उभी आहे. आता तिथे संग्रहालय आहे. शंभर वर्षं झाल्यावर, २००७ मध्ये, शहर आणि परगण्याच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. १९०७ मध्ये हल्ल्याला अनुकूल सूर लावणाऱ्या तिथल्या दैनिकानेही माफी मागितली. २०१८ मध्ये शहरात स्मारक म्हणून दगडी कमान उभी राहिली.

बेलिंगहॅमनंतर तीनच दिवसांनी व्हँकुव्हरमध्ये चिनी आणि जपानी वस्त्यांवर जमाव चालून गेला. २ नोव्हेंबरला एव्हरेट या गिरण्यांच्या गावात शिखांविरुद्ध तोच प्रयोग झाला. जानेवारी १९०८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाइव्ह ओकजवळ एका छावणीतल्या लोकांना रात्री हाकललं. २१ मार्च १९१० ला ओरेगन राज्यात, पोर्टलंडला लागून असलेल्या सेंट जॉन्समध्ये घरं फोडली, माणसांना मारत गाडीत बसवलं. पण इथे एक वेगळी गोष्ट घडली. मार खाल्लेले लोक कोर्टात गेले, साक्षी दिल्या, आणि गावच्या बड्या अधिकाऱ्यांवरही आरोप ठेवले गेले. शिक्षा अखेर एकालाच झाली. तरी अडीच-तीन वर्षांत माणसं तळघरातून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत आली होती.

जमावाला हवं होतं ते पुढे कायद्याने दिलं, आणि ती तऱ्हा इतकी चतुर होती की वाचताना अंगावर काटा येतो. कॅनडापुढे अडचण अशी, की हिंदुस्थानी माणूस ब्रिटिश बादशहाचा प्रजाजन. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात त्याला सरळ बंदी घातली, तर लंडनची पंचाईत. म्हणून १९०८ मध्ये नियम निघाला, की कॅनडात येणाऱ्याने आपल्या देशातून अखंड प्रवास करत, एकाच तिकिटावर आलं पाहिजे. नियमात हिंदुस्थानचं नाव कुठेही नाही. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी आगबोट तेव्हा उरलीच नव्हती. शिवाय आशियातून येणाऱ्याच्या खिशात दोनशे डॉलर हवेत, ही अट. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हिंदुस्थान्यांचा मताचा हक्क १९०७ मध्येच काढून घेतला होता, त्यामुळे त्यांची बाजू मांडायची गरज कुठल्याच पुढाऱ्याला उरली नव्हती.

१९१४ च्या उन्हाळ्यात बाबा गुरदित्तसिंग यांनी या नियमालाच आव्हान दिलं. ‘कोमागाता मारू’ नावाचं जपानी जहाज भाड्याने घेऊन ३७६ प्रवासी व्हँकुव्हरच्या बंदरात आणले. त्यांत ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. दोन महिने जहाज किनाऱ्यासमोर उभं राहिलं, अन्नपाण्याचे हाल झाले, आणि वीसेक जणांना उतरू देऊन २३ जुलैला लढाऊ जहाजाच्या धाकाखाली ते परत पाठवलं. कलकत्त्याजवळ बजबज इथे २९ सप्टेंबरला पोलिसांनी आणि फौजेने गोळ्या चालवल्या, वीसच्या आसपास माणसं मेली. घरून निघालेला माणूस परमुलखाने नाकारला आणि घरच्या बंदरावर गोळी खाऊन मेला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये.

अमेरिकेने १९१७ मध्ये आशियाचा बहुतेक भाग एका रेषेआड बंद केला. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदुस्थानी माणूस नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला. थिंद ओरेगनच्या लाकूड गिरणीत राबलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच फौजेचा गणवेश घातलेले. त्यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. या निकालानंतर पंडितांचं स्वतःचं नागरिकत्वही काढून घेण्याचा खटला सरकारने भरला. तो मात्र ते जिंकले. १९४६ मध्ये कायदा बदलेपर्यंत इतर बहुतेकांच्या वाट्याला नागरिकत्व आलं नाही.

इथे आपल्या घरातली एक गोष्ट बोलायलाच हवी. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबई, नाशिक, पुण्यात उत्तर भारतीय कामगारांवर हल्ले झाले, तेव्हा नाशिकच्या कारखान्यांतून आणि बांधकामांवरून हजारो माणसं रेल्वेने परत गेली. त्याच ऑक्टोबरमध्ये रेल्वेभरतीची परीक्षा द्यायला आलेल्या परप्रांतीय मुलांना मारहाण झाली. साठच्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांनी हेच सोसलं होतं. बेलिंगहॅमचं वर्णन वाचताना मला नाशिकच्या फलाटांवरची गर्दी दिसते, आणि ती मारणारी माणसं माझी भाषा बोलणारी होती हे मी विसरू शकत नाही. स्थानिक मुलाला काम मिळत नाही ही तक्रार खरी असू शकते. बेलिंगहॅमच्या गिरणी कामगारालाही महागाई आणि मालकाचा जाच खराच होता. पण मजुरी ठरवणाऱ्या मालकाच्या दारात त्या रात्री कोणी गेलं नाही, आणि नाशिकमध्येही मार हातगाडीवाल्याला आणि टॅक्सीवाल्यालाच बसला. मराठवाड्याने तर दुसरी बाजू अनुभवली आहे. २०२० च्या टाळेबंदीत आपले ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकून पडले. एप्रिलमध्ये परतीची परवानगी मिळाल्यावरही काहींना स्वतःच्याच गावाच्या वेशीवर अडवलं गेलं.

आता वर्ध्याकडे. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ चा, वर्ध्याचा. लहानपणी दुष्काळ पाहिला, तरुणपणी टिळकांच्या विचारांनी भारावले. लष्करी शिक्षण घ्यायचं आणि शेती शिकायची, असे दोन ध्यास घेऊन १९०६ च्या सुमारास देश सोडला आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. कॅलिफोर्नियात तमालपाइस इथल्या लष्करी शाळेत शिकले, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या कृषी महाविद्यालयांत शिकले. खिशात पैसा नाही, म्हणून पडेल ते काम केलं, आणि त्या कामातच गिरण्यांतले, रेल्वेच्या रुळांवरचे पंजाबी मजूर भेटले.

विदर्भातल्या ब्राह्मण घरातला शिकलेला मुलगा आणि फौजेतून निवृत्त झालेला, अक्षरओळखही जेमतेम असलेला जाट शीख, हे दोघं हिंदुस्थानात कधी एका चुलीपाशी बसले असते का? मला नाही वाटत. ओरेगनमध्ये बसले. त्यांना बसवणाऱ्या गोष्टींत जमावाचा दगडही होता; त्याला जातही कळत नव्हती आणि प्रांतही. पोर्टलंडच्या परिसरात पंडित काशीराम यांच्याबरोबर खानखोजे मजुरांना एकत्र करू लागले. १९०९ मध्ये सोहनसिंग भकना अमृतसरजवळच्या गावातून आले आणि तिथल्याच गिरणीत लागले. बेलिंगहॅम, एव्हरेट, सेंट जॉन्स यांच्या कहाण्या टोळीटोळीतून फिरत होत्या. या लोकांच्या मनात एक हिशेब पक्का होत गेला: जपानी माणसावर हल्ला झाला की जपानचा वकील वॉशिंग्टनला जाऊन भरपाई मागतो, आपण मार खाल्ला तर आपल्यामागे कोण उभं राहतं? ब्रिटिश सरकार तर आपल्यावर पाळत ठेवायला हेर पाठवतं. १९०९ मध्येच व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्यात जुन्या शिपायांनी ब्रिटिश फौजेची पदकं न लावण्याचा निर्णय घेतला होता. गिरणीतल्या माराचं कारण त्यांनी स्वतःच्या गुलामीत शोधलं. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसांनी, दहा तासांच्या कामानंतर, हा विचार इतका स्वच्छ मांडावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

१९१३ च्या मे महिन्याअखेर ओरेगनमधल्या ॲस्टोरिया या गावी, कोलंबिया नदीच्या मुखाशी, सभा भरली. तिथल्या हॅमंड गिरणीत हिंदुस्थानी कामगारांची चांगली वस्ती होती. सभागृह होतं फिनलंडहून आलेल्या समाजवादी कामगारांचं. म्हणजे त्याच किनाऱ्यावर गोरे कामगार दार उघडणारेही होते, आणि हे सांगायला मला विशेष आनंद होतो. त्या उन्हाळ्यात आकाराला आलेल्या संघटनेचे अध्यक्ष गिरणी कामगार सोहनसिंग भकना, सरचिटणीस लाला हरदयाळ, खजिनदार काशीराम. सॅन फ्रान्सिस्कोत मजुरांच्या वर्गणीतून छापखाना उभा राहिला. १ नोव्हेंबर १९१३ ला ‘गदर’ (म्हणजे बंड) या पत्राचा पहिला अंक उर्दूत निघाला, पाठोपाठ गुरुमुखीत. संघटनेलाही तेच नाव पडलं. खानखोजे तिच्या लढाऊ शाखेचं काम पाहत होते.

बीडहून आष्टी-नगरमार्गे पुण्याला जाताना शिक्रापूर लागतं, आणि तिथून थोडं आत वळलं की तळेगाव ढमढेरे. विष्णू गणेश पिंगळे यांचं हे गाव. १८८८ चा जन्म. अभियंता व्हायला ते अमेरिकेला गेले, सिॲटलच्या विद्यापीठात दाखल झाले आणि गदरच्या लोकांत मिसळले. महायुद्ध सुरू होताच गदरवाल्यांनी ठरवलं की देशात परतून फौजेत उठाव घडवायचा. गिरण्या आणि मळे सोडून, पै पै साठवलेला पैसा घेऊन शेकडो लोक बोटीत बसले. ज्या देशात शिरण्यासाठी जमीन गहाण टाकली होती, तो देश त्यांनी आपण होऊन सोडला. पिंगळे आणि गदरचाच तरुण कार्यकर्ता करतारसिंग सराभा नोव्हेंबर १९१४ मध्ये एकाच बोटीने कलकत्त्याला उतरले. पिंगळे क्रांतिकारक रासबिहारी बोसांपर्यंत पोचले, बंगाल आणि पंजाब यांच्यातला दुवा झाले. फेब्रुवारी १९१५ चा उठाव फितुरीने फसला. तरीही पिंगळे मेरठच्या छावणीत शिरले, आणि मार्चमध्ये घोडदळाच्या तळावर बाँबसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात सात जणांना फाशी झाली. त्यांत सराभा होते एकोणीस वर्षांचे आणि पिंगळे सत्तावीसचे. पंजाबात सराभाचं नाव शाळकरी पोराला ठाऊक असतं. आपल्याकडे पिंगळ्यांचं नाव किती जणांना माहीत आहे, हा विचार मला खरोखर टोचतो.

अमेरिकेत मागे राहिलेल्यांचं काय झालं, ही तर वेगळीच अद्भुत कथा आहे. ते गिरण्यांतून कॅलिफोर्नियाच्या शेतांत सरकले. १९१३ च्या कायद्याने नागरिक होऊ न शकणाऱ्या परक्यांना तिथे जमीन घेता येत नव्हती, आणि देशातून बायको आणणंही जवळजवळ अशक्य होतं. तेव्हा इंपीरियल खोऱ्यात आणि युबा सिटीच्या परिसरात शेकडो शिखांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. मुलांची नावं पाहावीत तर पहिलं स्पॅनिश, आडनाव सिंग. स्टॉकटनचा गुरुद्वारा १९१२ चा. त्याच्या लंगरात ही पोरं जेवायची आणि रविवारी आईबरोबर चर्चलाही जायची.

खानखोजेंची वाटही मेक्सिकोलाच गेली. युद्धकाळात ते इराण-बलुचिस्तानच्या सरहद्दीवर लढले, मग बर्लिन, मग मॉस्को, आणि १९२४ मध्ये मेक्सिको. तिथे जमिनीचं फेरवाटप करणारी क्रांती नुकतीच झाली होती. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत ते प्राध्यापक झाले. मक्याचा तिओसिंते या रानटी भाऊबंदाशी संकर करून त्यांनी जास्त उत्पन्न देणारी वाणं घडवली, कोरडवाहू जमिनीसाठी गव्हाच्या जाती शोधल्या, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी फी नसलेल्या शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर जेवणाच्या पंगतीचं चित्र रंगवलं, त्यात मध्यभागी भाकर वाटून देणारा माणूस खानखोजेंच्या चेहऱ्याचा आहे. वीणा गवाणकरांनी त्यांचं मराठीत चरित्र लिहिलं आहे, मुलगी सावित्री साहनी यांनी इंग्रजीत.

देश स्वतंत्र झाल्यावर खानखोजेंनी परत येण्यासाठी अर्ज केला. ब्रिटिशांनी त्यांच्या नावावर घातलेली बंदी कागदोपत्री तशीच होती, आणि स्वतंत्र भारताने आधी तो अर्ज नाकारला. पुढे निर्णय फिरवला गेला. ते नागपूरला स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले.